कंडक्टर बाईंचं रक्त

“बसा बाप्पा, बसा. उभं राह्याचं काम माह्यं हाये.”

गाडीत जागेसाठी ढकलाढकली सुरू झाली की कंडक्टर बाई एवढंच म्हणायच्या. ओरडून नाही. दिवसभराचं काम आटोपून घरी आलेल्या माणसाने दारात चप्पल काढावी तसं ते वाक्य त्यांच्या तोंडून खाली पडायचं, आणि तेही सकाळी पावणेसातला. पाठ मधल्या दांड्याला टेकलेली, एक हात तिकिटाच्या मशीनवर, डोळे अर्धे मिटलेले. तरी कोण कुठे चढलं आणि कोण तिकीट न घेता खिडकीबाहेर बघतंय, हे त्यांना बरोबर माहीत असायचं. तुम्हीही रोज गाडीने जात-येत असाल तर अशी एखादी बाई पाहिली असेल. ती थकलेली आहे हे आपल्याला दिसत नाही, कारण न थकलेली अशी ती आपण कधी पाहिलेलीच नसते.

मी त्या गाडीची रोजची प्रवासी. पुसदहून निघून महागाववरून फुलसावंगीकडे जाणारी सकाळची गाडी. वाटेतल्या एका गावात आरोग्य केंद्र आहे, तिथे मी रक्त तपासते. तेव्हा अकरा वर्षं झाली होती. बोट टोचायचं, थेंब घ्यायचा, मशीनवरचा आकडा रजिस्टरमध्ये लिहायचा. साडेसात. आठ. सात पॉइंट दोन. वावरातून, तांड्यांवरून, गावातल्या गल्ल्यांतून बाया येतात आणि हेच आकडे ठेवून जातात. कधी बारा आला तर मशीन बिघडलं की काय म्हणून मी दुसऱ्यांदा टोचते. ‘गोळ्या घ्या’ हे दोन शब्द मी इतक्या वेळा म्हटले आहेत की आता ते माझे मलाच ऐकू येत नाहीत.

बाई बंजारा समाजाच्या. त्यांच्या तांड्यातून गाडीवर नोकरीला लागलेली पहिली बाई. घरी नवरा, त्याची कंबर गेलेली, आणि बारावीतली एक मुलगी. वाटेतल्या तांड्यांवरून म्हाताऱ्या चढल्या की बाई त्यांना ‘याडी’ म्हणत, म्हणजे आई, आणि त्यांच्या बोलीत त्यांची विचारपूस करत. बांगड्यांचे डबे घेऊन मुसलमान बाया चढल्या की हिंदी. शाळेच्या मास्तरांशी मात्र पुस्तकातलं मराठी: “सर, कृपया बॅग मांडीवर घ्यावी.” आणि बाकी सगळ्यांशी आपली वऱ्हाडी. एकदा मी म्हटलं, “बाई, चार भाषा येतात तुम्हाला.”

त्या म्हणाल्या, “भाषा चार हायेत ताई, पन सांगाचं एकच राह्यते. मांगं सरका.”

त्यांच्या कुर्त्याच्या खिशात कायम काहीतरी खायला असायचं. दोन-तीन तिकिटं झाली की हात खिशात जायचा, तिथून तोंडाकडे, आणि बारीक करकर आवाज यायचा. मला वाटायचं, फुटाणे. दिवाळीनंतरच्या एका सकाळी गाडी रिकामी होती म्हणून त्या माझ्या शेजारी टेकल्या. मी सहज हात पुढे केला.

“आम्हालाही द्या की फुटाणे.”

त्यांनी मूठ मागे घेतली. मग ओशाळून उघडली. आत पाटीवर लिहायच्या पेन्सिलींचे तुकडे होते.

“मुलीच्या दप्तरातले?”

“पोरगी बारावीत हाये ताई. तिले कुठली पाटी? मीच डबी इकत आनते.” आणि आवाज खाली आणून, “तोंडाले बरं वाटते. पानी शिपडलेली माती दिसली ना, तर थेबी उचलून खावी वाटते.”

माझं हसू तिथेच विरलं. अंगातलं लोह फार कमी झालं की माणसाला असे डोहाळे लागतात. माती, खडू, कच्चे तांदूळ, पेन्सिल. मी रोज शेजारून ती करकर ऐकत होते, रक्ताचं काम करणारी बाई, आणि मला फुटाणे वाटत होते.

पुढच्या सुट्टीला त्या केंद्रात आल्या. सहा पॉइंट आठ.

“किती पायजे?” त्यांनी विचारलं.

“बारा.”

“म्हंजे अर्ध्या सीटा खाली हायेत म्हना.” त्यांनी बोटावरचा कापूस उचलून पाहिला. “आमच्या तांड्यात सळोई करतेत ताई. बकऱ्याच्या रक्ताची भाजी. लहानपनापासून रक्त खाऊन मोठी झाली मी. आन् माह्यंच रक्त कमी?”

आमच्या केंद्रातल्या डॉक्टर मॅडम त्या दिवशी मीटिंगला गेल्या होत्या. त्यांना मी फोनवर आकडा सांगितला, त्यांनी गोळ्या सांगितल्या, मी दिल्या. कशा घ्यायच्या तेही मीच सांगितलं, नेहमीसारखं एका दमात. सकाळी उपाशीपोटी घ्या, लिंबूपाण्यासोबत घ्या, वरून एक तास चहा नको. पुस्तकात असंच आहे. उपाशीपोटी लोह अंगी चांगलं लागतं. उपाशीपोटी ते पोटालाही तितकंच लागतं, हेही पुस्तकात आहे. पण ते वाक्य पुढच्या पानावर असल्यासारखं माझ्याकडून राहून जायचं.

“चाय बंद?” त्या म्हणाल्या. “ताई, मंग ड्युटी कशी करू? चायवरच तं चालून राह्यली मी.”

गोळ्या सुरू झाल्या. पहिल्या आठवड्यात त्या गाडीत माझ्याजवळ वाकून म्हणाल्या, “ताई, ते सकाळी... सडकेवर डांबर टाकतात ना, तसं काळं होऊन राह्यलं. भ्याचं काम तं नाई?” मी म्हटलं, गोळीने होतं तसं, भिऊ नका. दुसऱ्या आठवड्यात म्हणाल्या, “मळमळते.” मी म्हटलं, सवय होईल. तिसऱ्या आठवड्यात त्या काही म्हणाल्या नाहीत. फक्त महागाव मागे पडलं की त्यांच्या कपाळावर घाम दिसायचा, तोही थंडीच्या दिवसांत, आणि दांडा धरलेला हात पांढरा पडायचा. मी पाहत होते. पाहून खिडकीबाहेर बघत होते, तिकीट चुकवणाऱ्यासारखी.

ह्या गाडीवर नेहमी एकच ड्रायव्हर असायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. पुसदचे, दाढी पांढरी, निवृत्तीला दोन-तीन वर्षं राहिलेली. पण त्या आठवड्यात चाचा पुतणीच्या लग्नाला गेले होते आणि गाडीवर बदली ड्रायव्हर होता. त्याला बाईंची काही माहिती नव्हती.

महागाव सोडून पंधरा मिनिटं झाली असतील. दोन्ही बाजूंना वावरं. कापूस वेचून झालेला, तूर डोक्याएवढी उभी. बाईंनी अचानक घंटीची दोरी एकदा ओढली. गाडी थांबली. त्यांनी तिकिटाचं मशीन आणि बॅग माझ्या मांडीवर ठेवली.

“ताई, हे धरा. दोन मिनिटं.”

आणि त्या उतरून तुरीत शिरल्या.

कोणाला कळलं नाही असं नव्हतं. गाडीत चाळीस माणसं होती. पुढच्या बायांनी पदर तोंडाशी नेले. मागे कोणीतरी खाकरलं, कोणीतरी काहीतरी बोललं, हशा झाला. आणि मग मागच्या दारापाशी उभ्या असलेल्या, गळ्यात गमछा टाकलेल्या एका चांगल्या थोराड माणसाने, सहज गंमत म्हणून, दोरी दोनदा ओढली.

दोन घंट्या म्हणजे चला. ड्रायव्हरने गाडी काढली.

मी ओरडले. बायाही ओरडल्या. पण इंजिन घरघरत होतं, ड्रायव्हर नवीन, त्याला वाटलं जागेवरून भांडण चाललंय. गाडी थांबेपर्यंत आम्ही पुलाच्या पलीकडे पोचलो होतो. मागून उसाचा ट्रक येत होता, रस्ता अरुंद, त्यामुळे गाडी मागे घेता येईना. मी काचेतून पाहिलं. लांबवर खाकी कपड्यातली बाई रस्त्याच्या कडेने चालत येत होती. पळत नव्हती. पळायची ताकदच नव्हती. मध्ये एकदा थांबली, गुडघ्यांवर हात ठेवून वाकली, परत चालायला लागली.

मी उतरून सामोरी गेले नाही. मांडीवर मशीन होतं, असं कारण मी स्वतःला आजही सांगते.

त्या गाडीत चढल्या. माझ्याकडून मशीन घेतलं, माझ्याकडे पाहिलं नाही. ओठ कोरडे, पांढरे. दांड्याला पाठ टेकली आणि म्हणाल्या, “कोनाचं तिकीट राह्यलं?”

कोणाचंच राहिलं नव्हतं. तरी चाळीस माणसं एकदम गप्प झाली. गमछावाला पुढच्या थांब्यावर उतरून गेला. ते त्याचं गाव होतं की नाही, कोण जाणे.

त्यानंतर मी विचारायची, “गोळ्या घेताय ना?” आणि त्या म्हणायच्या, “घेते ना ताई.” मशीनमधून तिकीट निघावं तसं सरळ, पटकन. घाम दिसेनासा झाला, दांडा धरलेला हातही सैल झाला. मला वाटलं, सवय झाली. मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली असेल. दीड महिन्याने रक्त तपासायचं होतं. त्या ‘येते, येते’ म्हणत राहिल्या आणि मीही मागे लागले नाही. आमच्याकडे आकड्यांची काही कमी नव्हती.

उन्हाळा लागला. गाडीचा पत्रा सकाळी आठलाच तापायला लागला. एका सोमवारी, बाजाराच्या दिवशी, गाडी गच्च भरली होती. बाई मधल्या गर्दीतून पुढे सरकत होत्या. एका म्हातारीने तिकिटासाठी हात पुढे केला आणि बाई तिच्या मांडीवरच बसल्या. बसल्या म्हणजे पडल्या. म्हातारी आधी वैतागली, मग तिने त्यांचा गाल हाताने हलवला आणि मोठ्याने हाक मारली, “ए ऊठ, बाई! ऊठ!”

चाचांनी आरशात पाहिलं. गाडी थांबवली नाही. उलट जोरात हाकली. माझं गाव आलं तेव्हा थांब्यावर न थांबता त्यांनी गाडी सरळ आतल्या रस्त्याला वळवली आणि आरोग्य केंद्राच्या अंगणात, निंबाच्या झाडाखाली आणून उभी केली. साठ प्रवाशांसकट. मी अकरा वर्षांत तिथे एवढी गर्दी पाहिली नव्हती. दोन माणसांनी बाईंना उचलून आत नेलं. मागोमाग निम्मी गाडी आत आली. कोणी तक्रार केली नाही. तास-दीड तास गाडी तिथेच होती. त्यात एका आजोबांनी आपलं बीपी मोजून घेतलं, एकीने लेकराला खोकल्याचं औषध घेतलं आणि चाचा पायरीवर बसून डेपोला फोन करत राहिले: “गाडी खराब नहीं है साहब. हमारी बाई खराब हो गई है.”

बाईंच्या नवऱ्याला कळवायचं होतं. त्यांचा फोन शोधायला मी त्यांची बॅग उघडली. फोनच्या खाली, रुमालात नीट गुंडाळलेल्या, रबर लावलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या. मी दिलेल्या जवळजवळ सगळ्या. पहिल्या अडीच पट्ट्या सोडल्या तर एकही गोळी काढलेली नव्हती.

मी बोट टोचलं. पाच पॉइंट चार.

बाईंना शुद्ध आली होती, पडून होत्या. मी पट्ट्या त्यांच्यापुढे धरल्या. माझा आवाज चढला होता. “खोटं काहून बोलल्या? तीन महिने ‘घेते ना ताई, घेते ना ताई.’ काहून?”

त्यांनी छताकडे पाहिलं. “तुम्ही एवढ्या मनानं देऊन राह्यल्या होत्या. नाई म्हटलं तं तुम्हाले वाईट वाटलं असतं.”

“मग फेकायच्या तरी!”

“औषध हाये ते. कोनाच्या तरी कामी आलं असतं.”

डॉक्टर मॅडम दारात उभ्या होत्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, आवाज कधी चढत नाही. त्यांनी माझ्या हातातून पट्ट्या घेतल्या आणि मला बाजूला नेलं.

“गोळ्या का घेतल्या नाहीत, हे नका विचारू. घेतल्यावर काय होत होतं, ते विचारा.”

मग त्या स्वतःच बाईंच्या खाटेवर बसल्या आणि विचारायला लागल्या. किती वाजता घेत होता? पोटात मुरडा किती वेळाने? रस्त्यात जायची सोय कुठे आहे? बाई सांगत गेल्या. पहाटे पाचला गोळी, पावणेसहाला डेपो, पावणेसातला गाडी, आठच्या आसपास पोटात कळ. पुसद सोडलं की फुलसावंगीपर्यंत बाईमाणसाला जायला धड जागा नाही. त्यामुळे त्या पाणीच पीत नव्हत्या. गोळ्या बंद केल्या तरी पाणी बंदच राहिलं. तुरीच्या वावराचं मात्र त्यांनी सांगितलं नाही. ते मी सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं की उपाशीपोटी घ्यायला त्यांना मीच सांगितलं होतं. मॅडमनी ते ऐकून घेतलं, मला काही म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी मॅडमनी विचारलं, “पाळी?”

बाई भिंतीकडे वळल्या. मी बाहेर जायला निघाले तशा म्हणाल्या, “राहू द्या ताईले.” मग कळलं. आठ-आठ, नऊ-नऊ दिवस जायचं. त्या दिवसांत बॅगेत खाकी कपड्यांचा दुसरा जोड असायचा. दोन वर्षं. गाडीच्या दांड्याला पाठ टेकून त्या उभ्या राहत ते नुसतं थकून नव्हे. मागून कोणी बघू नये म्हणून.

“ही गोळी तुमच्यासाठी नाही असं नाही,” मॅडम म्हणाल्या, “पण आता एवढं कमी आहे की गोळीच्या भरवशावर थांबता येत नाही. आणि खालून गळतंय तोवर वरून कितीही भरा.”

पुसदच्या सरकारी दवाखान्यात आधी एक बाटली रक्त चढवलं. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली, लिंबापेक्षा मोठी. ऑपरेशन करायचं तर रक्त हवं, आणि रक्त वाढायचं तर लोह हवं. ते आता पोटातून न देता शिरेतून द्यायचं ठरलं. सलाईनमधून, एक दिवसाआड, पाच वेळा.

पहिल्या वेळी मी सुट्टी टाकून सोबत गेले. बाई फार घाबरल्या होत्या. नर्सने त्या औषधाची कुपी सलाईनमध्ये सोडली तसं ते पाणी गडद तपकिरी झालं. बाई एकटक बघत होत्या.

“ताई, हे तं चायच हाये. दूध न टाकलेली.”

“पडून राहा.”

“तोंडातून बंद केली, आता हातातून देऊन राह्यले.”

नर्सही हसली. थेंब सुरू झाले. काही त्रास होतो का हे पाहायला नर्स दर थोड्या वेळाने येऊन जायची. पोटात कळ नाही, मळमळ नाही. दहा-पंधरा मिनिटांनी बाईंचे डोळे मिटले. मी त्यांना इतक्या वर्षांत पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. उशीवर त्या केवढ्याशा दिसत होत्या. झोपेतही उजव्या हाताची बोटं आखडलेली होती, दांडा धरल्यासारखी. मी ती एक-एक करून सोडवली. त्या जाग्या झाल्या नाहीत.

मला वाटतं, त्या तासाभरात मी त्यांच्याबद्दल जेवढा विचार केला तेवढा आधीच्या सगळ्या प्रवासात मिळून केला नव्हता. आणि माझ्या रजिस्टरमधल्या बाकीच्या बायांचाही. ज्यांना मी म्हणायची, ‘घेतच नाही तुम्ही लोक.’

महिनाभराने नऊ पॉइंट सहा, मग दहाच्या वर. गाठीचं ऑपरेशन झालं. दोन-अडीच महिने गाडीवर दुसराच माणूस होता, तरुण, कानात वायर, कोणाशी न बोलणारा. तो ‘मागे सरका’सुद्धा म्हणत नसे, त्यामुळे सगळे दारातच उभे राहत. तांड्यावरच्या म्हाताऱ्या चढल्या की आधी आत वाकून बघत, मग मला विचारत, “आमची लेक कवा येईन?” मी डॉक्टर असल्यासारखी सांगायची, “पुढच्या महिन्यात.”

त्या परत आल्या त्या पहिल्याच दिवशी चाचांनी गाडी थांबवली. थांबा नसलेल्या ठिकाणी. महागावच्या पुढे एका गावात रस्त्यालगत त्यांच्या बहिणीचं घर होतं.

“बाई, जरा पानी पी के आते हैं. आप भी चलो.”

“मले तहान नाई, चाचा.”

“मेरी बहन का घर है. उधर सब सोय है,” चाचा समोर रस्त्याकडे बघत म्हणाले. “रोज पाच मिनट रुकूँगा. गाडी मेरी है, घडी बी मेरी.”

बाईंनी मशीन माझ्याकडे दिलं. उतरल्या. ह्या वेळी मागे कोणी खाकरलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्या गावाच्या बाया त्या जागी उभ्या राहून गाडीची वाट बघायला लागल्या आणि थोड्याच दिवसांत तो थांबाच होऊन गेला. चाचा निवृत्त झाले तरी गाडी तिथे थांबते. का थांबते हे नव्या ड्रायव्हरला ठाऊक नाही.

डॉक्टर मॅडमनी गोळी परत सुरू केली होती, पण कमी ताकदीची, एक दिवसाआड, दुपारचा डबा खाल्ल्यावर. अशी घेतली तर थोडं कमी अंगी लागतं, पण अंगी लागतं. पट्ट्या बॅगेत साचून राहण्यापेक्षा ते कितीतरी बरं. बाई कुरकुरत घेत होत्या. “दोन दिवस पोट फुगते,” म्हणायच्या. मी विचारायची, “किती?” त्या हाताने दाखवायच्या. मग मॅडमना सांगून काहीतरी बदल करायचा. हे किती साधं होतं! विचारायचं, ऐकायचं, थोडं बदलायचं. मी आता केंद्रात येणाऱ्या प्रत्येकीला विचारते. त्यात वेळ जातो, रांग वाढते, मागच्या बाया कुरकुरतात. दिवस संपेपर्यंत घसा बसतो. सगळ्या सांगतातच असं नाही. काही जणी अजूनही ‘घेते ना ताई’ म्हणतात, आणि मला कळत नाही पुढे काय विचारावं.

त्या वर्षी बाईंची मुलगी नर्सिंगला लागली, पांढरकवड्याकडे. बाईंनी तिकडे बदली मागितली आणि मिळाली. शेवटच्या दिवशी मी उतरायला दारात आले तेव्हा त्यांनी घंटी ओढली, गाडी थांबली, आणि त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं.

“ताई, एक विचारू? तुमचं किती हाये?”

“माझं काय?”

“रक्त.”

खालून कोणीतरी चढायला बघत होतं.

“पाह्यलं नाही,” मी म्हटलं.

“अकरा वर्षं मशीनजवळ बसून?” त्यांनी माझ्या नखांकडे पाहिलं, मग चेहऱ्याकडे, बराच वेळ, जसं त्या तिकीट न घेतलेल्याकडे पाहत. “चला, उतरा आता. गाडी लेट होऊन राह्यली.”

ते काही लगेच केलं नाही मी. आज करू, उद्या करू. घरी सासूबाईंचं आजारपण होतं, केंद्रात लसीकरण होतं. संध्याकाळी जिना चढताना दोनदा थांबावं लागायचं, ते वयामुळे असं मी धरून चालले होते. चाळिशी काही वय नव्हे, पण धरून चालायला काय लागतं. पावसाळा संपत आला होता तेव्हा एका दुपारी केंद्रात कोणी नव्हतं. मी दार ओढून घेतलं आणि स्वतःचं बोट टोचलं. इतकी वर्षं दुसऱ्यांना टोचते, पण स्वतःला टोचायची ही पहिलीच वेळ. आकडा आला. मी मशीन पुसलं, दुसरं बोट टोचलं. तोच आकडा.

रजिस्टर उघडून मी नावाच्या रकान्यात माझं नाव लिहिलं. मग कोणाला तरी सांगावंसं वाटलं. घरी सांगण्यात अर्थ नव्हता. मी बाईंना फोन लावला. उचलला नाही. ड्युटीवर असणार.

अर्ध्या तासाने त्यांचाच फोन आला. मागे हॉर्न, माणसांचा कलकल, कोंबडीचा आवाज. त्या ‘हॅलो’ म्हणाल्या नाहीत, ‘कशा हाये’ म्हणाल्या नाहीत.

“किती?” त्यांनी विचारलं.

“आठ पॉइंट एक.”

पलीकडे एक घंटी वाजली. मग, “थांबा हं ताई. ठेवू नका. लय गर्दी हाये.”

मी फोन कानाला लावून बसले. कोणीतरी कुठल्या तरी गावाचं तिकीट मागत होतं, मी न ऐकलेल्या गावाचं. बाई त्याला सांगत होत्या, ते गाव मागे गेलं, आता पुढच्या थांब्यावर उतर. एक लेकरू रडत होतं. घंटी दोनदा वाजली. इंजिन चढलं, गिअर बदलला, खिडक्यांच्या काचा खडखडायला लागल्या. बहुतेक त्यांनी फोन तसाच खिशात टाकला होता. खाकी कापडाची घासघास ऐकू येत होती आणि मधूनमधून, जरा लांबून, त्यांचा आवाज. गाडी केळापूरकडे जात होती की आणखी कुठे, मला कळायला मार्ग नव्हता. बाहेर अंगणात एक बाई लेकराला घेऊन येऊन बसली होती, माझ्या दाराकडे बघत. मी तिला खिडकीतून हाताने ‘थांब’ अशी खूण केली, आणि ऐकत राहिले.